दोन लाटांमधला वेळ

“भूकंप दोन झाले. मधल्या वेळात भाऊजी अंगणातच उभे राहिले आणि माझी बहीण आत मेली,” असे माझा साळा फुलचूर गावात आजही सांगतो.

हे असत्य आहे. भूकंप एकच होता. त्याची पहिली लाट वेगाने येते आणि जमिनीला खालून धक्का देते. भिंती पाडणारी, आडवी हलवणारी लाट मागून येते. मधे काही क्षणच मिळतात.

आज सुनेने भात पसवला, शिजल्या भाताची पेज गाळली, आणि तिच्या वासाने मी त्या सकाळी पोहोचलो. फळीवरची भांडी खणखणली. मी अंगणातून ओरडलो, “यमुने, बाहेर ये!”

“काऊन बोंबलता जी? भात पसवून राहिली ना!”

आमच्याकडे पेज गाळायला कललेला गंज, म्हणजे भाताचे पातेले, कोणी अर्ध्यावर सोडत नाही. मी आत धावलो, तिच्या हातातला गंज हिसकावला. तेवढ्यात जमीन आडवी हलली आणि मातीची भिंत तिच्यावर आली. मी हातांनी माती उपसत राहिलो, हाका मारत राहिलो.

तिला वाचवू शकलो नाही, हे मला मान्य आहे. पण साळ्याने माझा डावा हात पाहावा. त्यावर उकळत्या पेजेने भाजल्याचा डाग आहे, आणि आमची चूल अंगणात नव्हती.