पर्समधले काका

न्यूअर्क विमानतळावर सिक्युरिटीवाल्या मुलाने पर्समधून काळा दगड बाहेर काढला.

"व्हॉट इज धिस, मॅम?"

"माय हजबंड," सुलभामावशी म्हणाली.

माझी ही मावशी बावीस वर्षं न्यूअर्कजवळच्या पार्सिपनीत एका फार्मसीच्या काउंटरवर होती. तिच्या हातून गोळ्या घेतलेला माणूस 'जेवणाआधी की नंतर' हे जन्मात विसरायचा नाही. त्या नोकरीतून तिने घरी एकच सवय आणली, लेबलांची. डाळींच्या डब्यांवर लेबल, छत्र्यांवर लेबल, आणि शोकेसमधल्या या गुळगुळीत दगडावरही: 'मोलोकाई, ९८'.

मोलोकाई म्हणजे हवाईतलं एक शांत बेट, अख्ख्या बेटावर एकही ट्रॅफिक सिग्नल नाही. तिथून काकांनी तो खिशात घालून आणला होता. तिथला दगड नेऊ नये, त्याच्या पाठोपाठ काहीतरी येतं, असं लोकांनी बजावलं होतं. काका म्हणाले, "येऊ दे की. गेस्टरूम रिकामीच आहे."

चार वर्षांपूर्वी जानेवारीत काका गेले. गुरुजी व्हिडिओवर होते. गेलेल्या माणसाच्या नावाने दहा दिवस एक दगड पुजतात, जीवखडा. दहाव्याला तो पाण्यात सोडायचा. "एखादा दगड आणा," गुरुजी म्हणाले. बाहेर दोन फूट बर्फ. मावशीने शोकेस उघडली.

आणि दहाव्याला दगड पुन्हा शोकेसमध्ये ठेवून दिला.

"नदी गोठली होती," ती सांगायची.

"मावशी, त्यानंतर चार उन्हाळे आले."

"आले असतील. मी नदीकडे गेले नाही."

यंदा घर विकून ती मुलाकडे, वीरकडे, हर्नडनला राहायला जाणार होती. सामान बांधताना दगड मांडीवर घेऊन तासभर बसली. "माझ्यामागे याचा पेपरवेट होणार गं," म्हणाली. "त्यांना त्यांच्या जागी सोडून येऊ."

वीर फोनवर म्हणाला, "आई, लोक पोस्टाने परत पाठवतात. जस्ट मेल इट!"

"बापाला पार्सल करू?"

म्हणून मी सोबत निघाले.

मोलोकाईला उतरलो आणि वेळ जरा सैल झाला. डोंगरांच्या खांद्यावर ढग डुलक्या काढत होते. अंगणात साळुंक्या भांडत होत्या, अगदी आपल्या साळुंक्या. गेस्टहाउस चालवणाऱ्या बाईंना सगळं बेट आंटी नोएलानी म्हणे. इथेही वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, हे मावशीला फार आवडलं. पपई चिरता चिरता आंटींनी वारे भोपळ्यात कोंडून ठेवणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. मग दगड हातात घेतला.

"याने त्रास दिला तुला?"

"नाही. सोबत केली."

"मग परत का करतेस?"

मावशी पपईच्या बिया एका बाजूला गोळा करू लागली. बावीस वर्षं काउंटरवर प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारी बाई.

"आम्ही काही उचलण्याआधी विचारतो," आंटी म्हणाल्या. "तू ठेवण्याआधी विचार."

"कुणाला?"

"ज्याला ठेवायचं आहे त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. पूर्वेचा रस्ता अरुंद होत होत एका दरीशी संपला. दूर हिरव्या कड्यावरून पांढऱ्या दोऱ्यासारखा धबधबा उतरत होता. पुढ्यात समुद्र आणि काठाला काळेच काळे दगड.

मावशी पाण्याशी उकिडवी बसली. दगड ठेवला. लगेच उचलला.

"एकटे पडतील गं. यांना अनोळखी लोकांत बोलता येत नाही."

"विचार ना त्यांना."

ती दगडाशी काहीतरी पुटपुटली. मी लाटांकडे बघत राहिले. मग नखाने ती लेबल खरवडू लागली. जुना चिकट कागद, सुटता सुटेना. शेवटी अख्खा निघाला. तिने तो तळहातावर घेतला, दगड ओल्या दगडांत ठेवला आणि उठली. एक लाट आली, सगळे दगड कुरकुरले, लाट मागे गेली.

दहा पावलांवर ती थबकली आणि धावत मागे आली.

"कुठला? यातला कुठला होता?"

मीही वाकून पाहिलं. सगळेच काळे, गुळगुळीत, चमकणारे. आता ती रडणार, असं मला वाटलं.

मावशी कमरेवर हात ठेवून त्या गर्दीकडे बघत राहिली.

"आयुष्यभर हेच केलं या माणसाने," ती म्हणाली. "मंडळाच्या गणपतीत गेलो की पाच मिनिटांत गायब. मी शोधतेय, आणि हा घोळक्यात मजेत गप्पा मारतोय! म्हणे बोलता येत नाही."

मग ती माझ्याकडे वळली. "मीच म्हणाले का मगाशी असं?"

"तूच."

ती हसली. डोळे पुसले. थर्मासमधून चहा ओतला, एकच कप, दोघींत मिळून. लेबल तळहातावरच होतं. ते तिने थर्मासला चिकटवलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं.

"चल," ती म्हणाली. "वीरला फोन करायचाय. त्याच्याकडची नदी गोठते का, विचारते. माझ्या वेळी खोळंबा नको."