किशनदेई आणि माझं अंगण

आमच्या गल्लीत एके काळी कुजबुज होती, की साठीला टेकलेली किशनदेई रोज दुपारी एका विधुराच्या घरी जाते, आणि कडेवरची नात हा नुसता बहाणा. तो विधुर मी. तेव्हा ही गोष्ट माझ्याइतकी कुणाला ठाऊक असणार? खरं सांगायचं तर, या वयात लोकांनी आपल्याविषयी एवढी आशा बाळगावी म्हणून पहिले आठ दिवस मी रोज दाढीही केली.

कुजबुजीची मालकीण समोरची शरबती. ती दारातूनच हाक मारायची, "काय सनेहीदादा, आज डोळ्यांत सुरमा?"

"मोतीबिंदू आहे, बाई."

"तरीच. त्याशिवाय का म्हातारी देखणी दिसते!"

फिरोजाबादेत आमची अर्धी गल्ली जुडाईवर जगते. कारखान्यातून काचेच्या उघड्या बांगड्या घरी येतात, आणि रॉकेलच्या दिव्यावर टोकं तापवून त्या जोडायच्या. ज्योत हलली की सांधा वाकडा आणि माल परत. म्हणून पंखा बंद, खिडकीला पोतं. किशनदेईच्या एका खोलीत तीन दिवे जळायचे; तिचा, मुलगा भगीरथचा आणि सून मिथलेशचा. मधे झोळीत दहा महिन्यांची गुंजन, खोकत.

पोर खोकलं की आमच्याकडे निदान एकच, हवा लागली. मग त्याला आणखी गुंडाळायचं आणि उबेला दिव्याजवळ निजवायचं. किशनदेईनं आपली दोन मुलं अशीच निजवली होती, दोन्ही गेली. भगीरथ तेवढा जगला. तो झाला त्या वर्षी संपामुळे कारखाने बंद होते, घरात दिवा पेटला नव्हता. याचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गुंजनची छाती तपासून विचारलं, "घरात दिवे किती जळतात?" तेव्हा आलं.

दिवे विझवावेत तर चूल विझते. म्हणून म्हातारीनं आपला एक दिवा सोडला आणि बाकीचे जळत असेपर्यंत नातीला घेऊन माझ्याकडे येऊ लागली. माझ्या अंगणातल्या म्हशी मी कधीच विकल्या होत्या. मागे राहिलं मोकळं अंगण, एक कडुनिंब आणि मी. त्यातलं तिसरं तिला कधी दिसलंच नाही. चहा करू का विचारलं, तर म्हणाली, "चूल पेटवू नका, धूर होईल. आणि ती विडी बाहेर जाऊन ओढा." माझ्याच घरातून मी हाकलला गेलो. अशानं प्रकरण कसं रंगावं?

महिन्याभरात पोरगी माझ्या मिशा ओढण्याइतकी तरतरीत झाली. पण तोवर कुजबुज भगीरथच्या कानी गेली होती.

"अम्मा, गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. उद्यापासून घरातच बसायचं."

किशनदेई बसली. चौथ्या दिवशी गुंजनच्या बरगड्या दर श्वासाला आत ओढल्या जाऊ लागल्या, दूध ओठांवरून परत येऊ लागलं. मिथलेशनं हातातली बांगडी अर्धी सोडून दिवा फुंकला.

"अम्मा, उठा. दवाखान्यात जायचंय. आणि तिथून आलो की दादांच्या अंगणात."

"लोक काय म्हणतील?" भगीरथ म्हणाला.

"वाकडा सांधा परत जोडता येतो. ही गेली तर परत कुठून आणाल?"

सून नवऱ्याशी इतकं बोलल्याचं गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं. भगीरथनं मान खाली घालून रिक्षा आणली. पाच दिवस पोरीला नळीनं प्राणवायू दिला, तेव्हा कुठे ती सावरली.

सहाव्या दिवशी भरदुपारी सासू-सून दोघी गुंजनला घेऊन माझ्या दारात. शरबती टपलेलीच होती. "दादा, आता सूनही?"

मिथलेश घुंघटाआडून म्हणाली, "चाची, तुमचा नातूही खोकतोय. आणा त्याला, खाट मोठी आहे."

दुसऱ्या दिवशी नातू आला. शरबतीही आली, पण माझ्याकडे बघेना.

किशनदेईचं माझ्याशी काही नव्हतं. तिच्या घरात लेकराला श्वास घेण्याजोगी हवा नव्हती, माझ्या अंगणात होती.