जेट स्कीवर मी ओरडलेच नाही

मैत्रिणींनो, आज दुपारी कोयनेच्या बॅकवॉटरला जेट स्कीवर बसून आले. मिरजेत घरी पोहोचल्या पोहोचल्या लिहितेय.

माझे मिस्टर जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून मी फारशी बाहेर पडत नाही, म्हणून नणंद आज जबरदस्तीनं घेऊन गेली. "वैनी, बसा की! लय भारी वाटतंय," म्हणाली. नको म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून बसले.

चालवणारे दादा पुढे, मी मागे. "घाबरू नगा ताई, माझं जॅकेट घट्ट धरा," असं म्हणून त्यांनी सुसाट सोडली. पाणी तोंडावर उडत होतं. वळताना आम्ही एवढे कललो की काठावर नणंद किंचाळली. मला पोहता येत नाही. तरी मला काहीच वाटलं नाही. भीतीही नाही आणि मजाही नाही.

दादांनी न वळताच विचारलं, "ताई, हायसा न्हवं?"

"आहे," म्हटलं.

पाचेक मिनिटांत काठाला आलो. उतरायला गेले, तर हातच सुटेनात. दादांच्या जॅकेटवर बोटं इतकी आवळली होती, की नणंदेनं ती एकेक करून सोडवली.

"आवं वैनी, केवढ्या घाबरलायसा!"

म्हणजे हातांना भीती वाटली होती, मला पत्ताच नव्हता. बोटं अजून दुखतायत आणि खरं सांगू, त्याचं जरा बरं वाटतंय.

तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? मग पुन्हा सगळं वाटायला लागायला किती दिवस गेले?