हडळीचा अर्ज

समस्त झाडीपट्टीत जिवंतपणी भूत म्हणून मान्यता पावलेली दुसरी स्त्री माझ्या पाहण्यात नाही. आणि तहसील कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलाशी अर्ज लिहवून घ्यायला कोण आले नाही? ही बाई येताना पावलांचा आवाज होत नसे. लिहिता लिहिता कागदावर सावली पडे, मान वर करावी तो लालभडक ओठ, काळा गॉगल आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. तरुणपणी तिने नाटकांत असे नाच केले की वडीलधारे निषेधार्थ मंडपाच्या पुढून उठून जात आणि मागून परत येऊन बसत. पुढे मुंबईच्या स्वस्त चित्रपटांत तिने तोकड्या कपड्यांतली, उलट्या पावलांची हडळ रंगविली. त्या कॅसेटी गावोगाव भाड्याच्या व्हिडिओवर लागल्या. नागभीडजवळच्या माहेरी ती कायमची परतली, तेव्हा बायकांनी आधी तिचे पाय पाहिले. ते सरळ होते. "दिवसा सरळ करत असन," असा निकाल लागला.

"अर्ज पाण्यासाठी का?" गावात बोरिंगचा हातपंप एकच, म्हणून मी विचारले.

"पानी कायले, भाऊ? मी गेली का बोरिंगवरून सारे पळून जातेत. मले रांग पायजे. 'मांगं सरक, माहा नंबर आहे,' असं कोनी म्हनतच नाई मले."

'अर्जदार हाडामांसाची स्त्री असून' अशी मी भक्कम सुरुवात केली आणि पुरावा म्हणून अंगठ्याऐवजी तिच्या दोन्ही पावलांचे शाईचे ठसे घेतले. कचेरीतल्या बाबूने कागदाला हात लावला नाही. व्हिडिओ त्यानेही पाहिला होता.

तेव्हा मी जातीने तिच्या गावी गेलो. भर दुपार. ती घागर घेऊन निघाली आणि एकेक दार लागत गेले. हातपंपाशी नुसती भांडी, घागरी आणि पितळी गुंड्या, रांगेत उभी होती. कडुलिंबाचे पान हलत नव्हते. तिने आपली घागर सर्वांत शेवटी ठेवली आणि लोकांची भांडी क्रमाने भरू लागली. दांडा कण्हत होता. फटीफटींतून डोळे पाहत होते. माझ्याही अंगावर काटा आला.

एवढ्यात एका दारामागून म्हातारी खेकसली, "काऊन वो, माही गुंडी काठोकाठ भरून राह्यली? डोक्शावर घेतल्यावर सांडन नाई का? अक्कल नाई तुले?"

दांडा थांबला. तिने गॉगल काढला. इतकी वर्षे ओळख असून तिचे डोळे मी प्रथमच पाहिले.

"चुकलं, माय," ती म्हणाली, आणि त्या गुंडीतले ओंजळभर पाणी तिने अगदी जपून बाहेर काढले.