सिस्टरनं कोरलेला दरवाजा

समोर आलेल्या माणसाला आपण नमस्कार करतो, कुणी हात मिळवतं. सिस्टर डाव्या हाताचा अंगठा पुढं करायची, समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढायची आणि आतला रंग पाहायची. "डोया दाखव व माय." आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात नवी मुलगी ट्रंक घेऊन उतरली की तिचं स्वागत असं व्हायचं. रंग लाल असला की सिस्टर म्हणायची, "जा, अभ्यास कर." फिकट असला की काही न बोलता पदराच्या गाठीतून गूळ-शेंगदाणे काढून मुलीच्या मुठीत कोंबायची.

ती नर्स नव्हती. वसतिगृहाची मदतनीस होती, तीही कंत्राटावर. धामणगाव बढ्याच्या एका बौद्ध कुटुंबातली. लग्नानंतर पुष्कळ वर्षं तिथल्या आरोग्य उपकेंद्रात खऱ्या नर्सबाईंची पिशवी घेऊन ती खेड्यापाड्यांत हिंडली होती. मुलींनी चिडवायला 'सिस्टर' म्हटलं आणि तेच नाव राहिलं. "मी कायची सिस्टर? सिस्टरची पिशवी धरनारी बाई मी," असं ती हसून सांगायची. मी त्या कॉलेजचा प्राचार्य होतो. कॉलेज मलकापूरकडचं, एवढं पुरे. चौदा वर्षं मी तिच्याविषयी जे बोललो नाही ते आता लिहितो आहे. माझं वय शहात्तर आहे आणि यानंतर गप्प बसायला मला काहीच कारण उरलेलं नाही.

वसतिगृह म्हणजे जुन्या जिनिंगचं गोदाम. मध्ये भिंती घातल्या, पत्र्याखाली पंखे टांगले आणि आम्ही फाटकावर वसतिगृह म्हणून पाटी लावली. कोठीत कापसाचा लोखंडी वजनकाटा तसाच पडून होता. सिस्टरनं तो खोबरेल तेल घालून चालू केला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ती मुलींना रांगेत उभी करायची आणि एकेकीला काट्यावर चढवायची. मुली ओरडायच्या, "सिस्टर, आम्ही काय कापसाचे बोजे आहोत?" ती म्हणायची, "बोजे असत्या तं चिंताच नसती. व्यापाऱ्यानं कवाच भरवलं असतं तुमाले, वजन वाढवाले." प्रत्येकीचं वजन ती खिळ्यानं कोठीच्या सागवानी दरवाजावर कोरायची. नावाचं पहिलं अक्षर, पुढं आकडा. चौथी शिकलेली बाई. वही का वापरत नाही, असं मी एकदा विचारलं. "वही हरपते साहेब. दरवाजा कोन उचलून नेते?"

तिचा दुसरा शब्द पोटाचा. "पोटात नाई तं डोक्यात कुठून?" आमचे तास सकाळी साडेसातला सुरू व्हायचे आणि खानावळीचं पहिलं ताट अकराला. मधल्या वेळेत मुली उपाशी बसायच्या. हे वेळापत्रक मी केलेलं होतं. चतुर्थीला, सोमवारी, गुरुवारी 'बहुतेक मुलींचे उपास असतात' म्हणून चूल अर्धीच पेटायची, आणि मग ज्या मुलीचा उपास नाही तिचाही घडायचा. सिस्टर रेक्टरबाईंना म्हणाली होती, "देव एक दिवस मांगते. तुमी तीन दिवस कापून राह्यल्या." रेक्टरबाईंनी लेखी तक्रार केली. त्या तक्रारीत आणखी एक ओळ होती: सदर मदतनीस सर्व मुलींच्या तोंडाला हात लावते. त्या ओळीचा अर्थ काय, ती कुणाच्या हाताविषयी आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. न कळल्यासारखं करून मी कागद फाइलला लावला. असे कागद फाइलला लावण्यातच माझी सगळी नोकरी सरली.

संडासांची गोष्टही सांगून टाकतो. कॉलेजातल्या सगळ्या मुलींसाठी नवीन स्वच्छतागृह बांधलं होतं. पांढऱ्या फरशा, आरसे, सगळं. मूल्यांकनासाठी बाहेरून समिती येणार होती, तोपर्यंत ते घाण होऊ नये म्हणून मी त्याला कुलूप ठोकलं. चार महिने ते तसंच बंद होतं. मुली सकाळपासून पाणी पीत नव्हत्या, कारण प्यायलं तर जायचं कुठं? सिस्टर थेट माझ्या केबिनमध्ये आली.

"साहेब, ते कुलूप कोनासाठी हाय?"

"समितीसाठी. समिती येऊन गेली की उघडू."

"समितीत किती मानसं?"

"तीन."

"तीन मानसाईसाठी तुमी चारशे पोरीईले तहानलेलं ठेवून राह्यले? काऊन जी, समिती काय मुताले येऊन राह्यली का आपल्या गावात?"

मी तिला बाहेर काढलं. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, तोंडावर रुमाल धरून हसत होते. मलाही नंतर हसू आलं. आज त्या हसण्याची मला चीड येते.

आता मूळ गोष्ट. समितीला वसतिगृहातल्या मुलींची आरोग्य तपासणीची कार्डं दाखवायची होती: उंची, वजन, रक्तातलं हिमोग्लोबिन, डॉक्टरांची सही. आम्ही तपासणी केलीच नव्हती. ओळखीच्या एका डॉक्टरांचा शिक्का माझ्या खणात होता. बडे बाबूंनी एका दुपारी एकशे चाळीस कार्डं भरली, मी शिक्के मारले, आणि कार्डं मुलींच्या सह्या घ्यायला वसतिगृहात पाठवली. संध्याकाळी सिस्टर कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून परत आली.

"साहेब, एकशे चाळीस पोरी अन् सगळ्यायचं रक्त बारा? एका हातानं लाटलेल्या पोया सारख्या होत नाई माह्या."

तिला वाटलं, कार्यालयाची चूक झाली आहे, सांगितली की दुरुस्त होईल. आणि मी चूक दुरुस्त केली. बडे बाबूंना बोलावून सांगितलं, "आकडे वेगवेगळे टाका. दशांश चिन्ह द्या." एकशे चाळीस कार्डं नव्यानं लिहिली गेली. अकरा पूर्णांक आठ, बारा पूर्णांक एक, तेरा. बाबूंना आकडे सुचेनासे झाले तेव्हा मी खुर्चीत रेलून सांगत गेलो. तिनं खरेपणानं दाखवलेली खोट घेऊन मी माझं खोटं पक्कं केलं. माझ्या हातून यापेक्षा नीच काम झालेलं मला आठवत नाही.

त्या कार्डांत ज्योतीचं कार्ड होतं. बीबी गावची मुलगी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, रसायनशास्त्रात पहिली. समिती यायच्या तीन दिवस आधी सिस्टर तिसऱ्यांदा आली. या वेळी आवाज खाली होता.

"ज्योतीचा डोया कागदावानी पांढरा झाला, साहेब. पंचेचाळीसची पोरगी अडतीसवर आली. जिना चढतानी भिंत धरते. जीप द्या, मी घेऊन जातो दवाखान्यात. आजच्या आज."

"समिती गेली की नेऊ."

"तीन दिवस?"

"सिस्टर, तिचं कार्ड नॉर्मल आहे. आता तिला ॲनिमियासाठी भरती केलं तर त्या कार्डाचं काय सांगायचं?"

हे मी बोललो. या शब्दांत बोललो. "म्हंजे कार्ड वाचवाचं हाय," सिस्टर म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिनं ज्योतीला स्वतः एसटीनं न्यायचं ठरवलं, तर फाटकावर रेक्टरबाईंनी अडवलं. समिती येईपर्यंत मुलींनी बाहेर जायचं नाही, अशी सूचना होती. खाली सही माझी.

समितीच्या स्वागताला नऊवारी नेसलेल्या बारा मुली डोक्यावर कलश घेऊन फाटकापासून पायऱ्यांपर्यंत उभ्या केल्या होत्या. ज्योती उंच, म्हणून पहिली. मार्चचं ऊन होतं. समिती दहाला यायची ती सव्वाबाराला आली. कलश खाली ठेवू द्या, असं सिस्टर दोनदा सांगायला आली आणि दोनदा मी हातानं तिला मागं सारलं. गाडी फाटकात वळली तेव्हा ज्योती कोसळली. जनावरं आत येऊ नयेत म्हणून फाटकाशी लोखंडी जाळी घातलेली होती, तिच्यावर तोंड आपटलं. सिस्टर धावली. तिनं आधी पापणी ओढून पाहिली आणि मग माझ्याकडं पाहिलं.

दवाखान्यात रक्त पाच निघालं. डॉक्टर म्हणाले, "ही मुलगी चालत तरी कशी होती?" तीन बाटल्या चढवल्या. जीव वाचला. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. परीक्षा गेली. वडील बीबीहून येऊन तिची ट्रंक घेऊन गेले. ती पुन्हा आली नाही. स्वच्छतागृह मात्र त्या दिवशी उघडलं होतं, आणि समितीनं त्याची स्तुती केली.

ज्योतीच्या वडिलांनी एकच प्रश्न लिहून पाठवला: माझ्या मुलीची तब्येत खालावते आहे, हे कॉलेजला माहीत नव्हतं काय? संस्थेनं चौकशी नेमली. सिस्टरनं सांगितलं, "मी दरवाजावर कोरून ठेवलं हाय. पाहून घ्या." चौकशी सोमवारी होती. रविवारी संध्याकाळी मी पेंटर बोलावला आणि कोठीचा दरवाजा जाड हिरवा करून घेतला; खाचा डोळ्यांना दिसेनाशा झाल्या. सोमवारी चौकशीचे तिघे सभासद दरवाजापुढं उभे राहिले. सिस्टर पुढं झाली. हिरव्या रंगाचा वास येत होता. तिनं आकांत केला नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. सभासदांपैकी एक जण वाकून हात लावून पाहायला लागले तेव्हा तिनं त्यांना हटकलं, "रंग ओला हाय साहेब. हात भरंल तुमचा."

त्या साहेबांनी हात मागं घेतला. मग कार्ड काढलं. ज्योतीचं हिमोग्लोबिन बारा पूर्णांक चार. अध्यक्ष म्हणाले, "इतकी नेमकी, दशांशातली नोंद आहे. ती खोटी कशी म्हणायची?" अहवालात आलं की सदर मदतनीस कोणतीही पात्रता नसताना मुलींची तपासणी करत होती, त्यांच्यात घबराट पसरवत होती, आणि गूळ-शेंगदाण्यांसारखे घरगुती उपाय करून तिनं योग्य उपचारांना विलंब लावला. विलंब तिनं लावला! हे वाक्य माझ्या समोर लिहिलं गेलं आणि मी पेनाचं टोपण उघडून सही केली. कंत्राटी बाईला काढायला एक ओळीचं पत्र पुरतं.

किल्ल्या द्यायला ती केबिनमध्ये आली. टेबलावर जुडगा ठेवला आणि टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली. मला वाटलं, ही आता मारते. तिनं अंगठा पुढं केला, माझी पापणी खाली ओढली, दोन्ही डोळ्यांची, सावकाश, मुलींची पाहायची तशी.

"लाल हाय," ती म्हणाली. "रक्ताची काई कमी नाई तुमाले."

ती गेली. मी सन्मानानं निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात माझ्या कारकिर्दीतल्या 'विद्यार्थी-कल्याणा'वर तीन भाषणं झाली. मी शाल पांघरून ती ऐकली.

गेल्या महिन्यात सिस्टर गेली. धामणगाव बढ्याला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, तिथं मी गेलो आणि सगळ्यात मागं बसलो. वंदना झाल्यावर एकेक बाई उठून बोलत होती. कुणी शिक्षिका, कुणी तलाठी, कुणी घरीच असलेली. प्रत्येकीच्या बोलण्यात काटा होता, अंगठा होता, गूळ होता. मग ज्योती उठली. जबड्यावरचा व्रण अजून दिसतो. ती आता बीबीला आशा सेविका आहे. म्हणाली, "गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीईले मी पहिले डोया दाखव म्हनतो. मग पुस्तक." रसायनशास्त्रात पहिली आलेली मुलगी. ती प्राध्यापक झाली असती.

बाहेर पडताना तिनं मला गाठलं. मी हात जोडले. तिनं ते पाहिलंच नाही.

"सर, माझ्या कार्डावर किती होतं?"

"बारा पूर्णांक चार."

"पाठ आहे तुमच्या?"

"मीच सांगितला होता तो आकडा. माझ्या मनानं."

मंडपात खुर्च्या आवरत होते.

"हे लिहून द्याल?" ती म्हणाली. "माझ्यासाठी नका देऊ. सिस्टरच्या नावावर अजून ते काढून टाकल्याचं पत्र आहे."

म्हणून हे लिहिलं. याची एक प्रत सहीनिशी विद्यापीठाला पाठवली आहे, एक संस्थेला, एक ज्योतीला. समजूतदार मित्र म्हणतात, आता काय उपयोग, कशाला धुरळा उडवता. धुरळा? ज्या कॉलेजात आजही आरोग्याची माहिती कॉम्प्युटरवर भरतात आणि काटा भंगारात जातो, तिथं धुरळा मी उडवत नाही. मी स्वतः जाऊन विचारलं, तपासणी कोण करतं? नवे प्राचार्य सौजन्यानं म्हणाले, "सर, सगळं ऑनलाइन आहे." मी म्हटलं, रक्तसुद्धा? ते हसले. मी पूर्वी हसायचो तसेच.

तिथून मी वसतिगृहाच्या कोठीकडं गेलो. दरवाजा तोच आहे. वर आणखी दोनदा रंग बसला आहे, पण पेंटरनं घाईत खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली नव्हती. लाकडावर बोट फिरवलं तर खाचा लागतात. मी डोळे मिटले आणि चाचपत गेलो. कमरेच्या उंचीवर 'ज्यो' लागला. पुढं पंचेचाळीस. त्याखाली एकेचाळीस. त्याखाली अडतीस. त्याखाली दरवाजा सपाट होता.

मी खिशातून घराची किल्ली काढली आणि तिच्या टोकानं रंग खरवडायला लागलो. चौकीदार धावत आला.

"ओ आजोबा! काऊन खरवडून राह्यले दरवाजा? रंग खराब होते ना!"

"रंग माझाच आहे," मी म्हटलं, आणि खरवडत राहिलो.