राखीव कर्नल

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपल्यावर मी रोजच्या सवयीने लॅपटॉपचं लिनक्स अपडेट केलं. पुन्हा सुरू केला, तर स्क्रीन काळीच. नवा कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, चालेना आणि जुना अपडेटमध्येच पुसला गेला होता.

मंदीत नोकरी गेलेली, व्हिसाचे अठरा दिवस उरलेले. दहा वाजता इथे अबू धाबीत एका साहेबांना नव्या नोकरीसाठी लॅपटॉपवर माझं काम दाखवायचं होतं.

“अहो, आजच हात लावायचा होता का त्याला?” बायको म्हणाली.

तसाच गेलो. साहेब म्हणाले, “बिना काम देखे कैसे बोलूँ, भाई? थर्सडे को आओ, इन्शाल्ला.”

देवाने एक संधी राखून ठेवली. मी काहीच राखलं नव्हतं. तुम्ही राखता का?

घरी येऊन पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने लॅपटॉप सुरू केला. नव्यासोबत जुना, टिकाऊ कर्नलही बसवला आणि आधी त्याच्यावरच लॅपटॉप सुरू करून पाहिला.