खासदारबाईंचे वडील

दत्तप्रसाद केळुसकर घाबरट आहेत, हे मी प्रेमाने सांगते. सिग्नल हिरवा झाला तरी दोन्हीकडे बघून मग गाडी काढतात. शारजातल्या अल मजाज भागातल्या या इमारतीत आमची आणि त्यांची दारं समोरासमोर. त्यांची छाया आणि मी मैत्रिणी, माझे यजमान संजय आणि ते शुक्रवारचे पत्त्यांचे भिडू, आणि त्यांची अवनी आमच्या डोळ्यांदेखत वाढली.

शारजा औद्योगिक क्षेत्रात दारं-खिडक्यांच्या चौकटी बनवणारा एक कारखाना आहे. केळुसकर तिथे अ‍ॅडमिन मॅनेजर. कामगारांचे व्हिसा, रजा, दुखणी, भांडणं, सगळं त्यांच्या गळ्यात. नवा कामगार रुजू झाला की त्याचा पासपोर्ट घ्यायचा आणि केबिनमधल्या लोखंडी कपाटात कुलपात टाकायचा, हेही त्यांचंच काम. असा पासपोर्ट ठेवून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण मालक विजयकुमारशेठ यांची पद्धत तशी, आणि मालकापुढे तोंड उघडायची केळुसकरांची पद्धत नाही.

अवनी मात्र कुणावर गेली देव जाणे. लिफ्ट बंद पडली तर ही दहा वर्षांची मुलगी इमारतीच्या ऑफिसात फोन लावून इंग्रजीत झापायची, आणि केळुसकर मागे उभे राहून हळू बोल, हळू बोल म्हणायचे. शिकायला ती नेदरलँड्सला गेली, तिथेच नोकरीला लागली, डच शिकली आणि एका लहानशा गावात नगरसेविका म्हणून निवडून आली. तिकडचे नगरसेवक दिवसा आपली नोकरी करतात आणि संध्याकाळी सायकलवरून सभेला जातात. केळुसकरांच्या डोळ्यांसमोरचा नगरसेवक म्हणजे पांढरी गाडी आणि मागे चार माणसं. सायकलवरची नगरसेविका काय कामाची, असं ते मला म्हणाले होते. पुढे तिने भारताचा पासपोर्ट सोडून तिकडचा घेतला, तेव्हा बरेच दिवस ते पत्ते खेळायलाही आले नाहीत.

तिचं नाव झालं ते मजुरांमुळे. त्या गावाभोवती काचेच्या मोठमोठ्या शेडमध्ये टोमॅटो आणि फुलं पिकवतात. तिथे कामाला आणलेल्या परदेशी मजुरांचे पासपोर्ट एका ठेकेदाराने अडकवून ठेवले होते. अवनी हात धुऊन त्याच्या मागे लागली आणि ते परत मिळवूनच थांबली. पेपरात फोटो आला. त्या आठवड्यात तिने वडिलांना फोनवर सरळ विचारलं, की तुमच्या कारखान्यात असलं काही चालत नाही ना? केळुसकर म्हणाले, छे, आमच्याकडे सगळं कायदेशीर. छाया शेजारीच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मग संसदेची निवडणूक आली. पक्षाच्या यादीत अवनीचा नंबर बराच खाली होता, पण तिकडे लोक लाल पेन्सिलीने आवडीच्या उमेदवारापुढे खूण करतात, आणि तिच्यापुढे इतक्या खुणा झाल्या की खालच्या नंबरची आमची मुलगी वरच्यांना ओलांडून हेगच्या संसदेत जाऊन बसली. इथल्या मराठी मंडळींनी केळुसकरांचा शाल देऊन सत्कार केला. विजयकुमारशेठनी खजुराचा हा एवढा डबा पाठवला.

शपथविधी घाईत उरकला, पण पहिल्या भाषणाला आई-बाबा हवेतच, असं अवनीने बजावलं होतं. तिथली रीत अशी की नव्या खासदाराच्या पहिल्या भाषणात कुणी मध्ये बोलत नाही, विरोधकसुद्धा मुकाट्याने ऐकतात. छायाने व्हिसा काढला. केळुसकरांचा निघाला नाही, कारण पासपोर्ट हातात नव्हता. कामगारांचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात, आणि मॅनेजर लोकांचे शेठच्या लॉकरमध्ये. रजेवर निघताना मिळायचा, परत आलं की पुन्हा जमा. एवढी वर्षं शेजारी राहून हे मला तेव्हा कळलं.

शेठ नाही असं कधीच म्हणाले नाहीत. पुढच्या आठवड्यात देतो, इन्शाल्ला. मग म्हणाले, मोठी ऑर्डर आहे, तुमच्याशिवाय कसं होणार. शेवटी हसत म्हणाले, आपकी बेटी तो बड़ी नेता हो गई, वहाँ जाकर आप भी भाषण मत देना. तेव्हा केळुसकरांना उमगलं की लॉकर उघडणार नाही. तक्रार केली असती तर पासपोर्ट मिळाला असता, आणि त्याबरोबर कायमचा निरोपही. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर जातं, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देतो? मला इतका संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

छाया एकटी गेली. भाषणाच्या आदल्या संध्याकाळी केळुसकर आमच्याकडे जेवायला होते आणि अवनीचा फोन आला. ती चिडलेली होती, आवाज आम्हालाही ऐकू येत होता. काम, काम, मुलीपेक्षा मोठं असं काय काम आहे? केळुसकरांनी हातातला घास ताटात ठेवला.

"पासपोर्ट शेठकडे आहे," ते म्हणाले. "माझा त्यांच्याकडे आणि कामगारांचे माझ्याकडे. मी तुझ्याशी खोटं बोललो."

मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, हे मी उद्या बोलू? नाव घेऊन?"

मी संजयकडे पाहिलं. केळुसकर नाही म्हणतील, मी पैजेवर सांगितलं असतं.

"बोल," ते म्हणाले. "शारजाचं नाव घे, कंपनीचं घे, माझंही घे. जे होईल ते होईल."

त्यानंतर ते पोटभर जेवले. वरण मागून घेतलं. त्यांना इतकं हलकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते आमच्याच टीव्हीपुढे बसले. अवनी बोलायला उभी राहिली. आम्हाला डच ओ की ठो कळत नाही, पण पासपोर्ट हा शब्द तिकडेही तोच आहे, आणि तो आला की केळुसकर पुढे सरकायचे. शारजाची वाट बघत होते. ती मजुरांबद्दल बोलली, काचेच्या शेडबद्दल बोलली असावी. शेवटी मराठीत म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे मी इथे उभी आहे." सगळं सभागृह फुलं घेऊन तिच्याभोवती जमलं. माझ्या फोनवर अभिनंदनाचा पाऊस सुरू झाला. शारजा आलंच नाही.

केळुसकरांनी तिथूनच तिला फोन लावला. स्पीकरवर टाकायचं भान होतं की चुकून लागला, कोण जाणे.

"का नाही बोललीस?"

"बाबा, please. तुमचा job गेला असता, घर गेलं असतं. I couldn't do that to you." ती रडत होती. "तुमच्या भल्यासाठीच नाही बोलले मी."

केळुसकर टीव्हीकडे बघत राहिले. तिथे त्यांची मुलगी अजून फुलं घेत होती, इंटरनेटवरून येणारं चित्र थोडं मागे चालत होतं.

"अवनी," ते म्हणाले, "कपाटाला कुलूप लावताना मी प्रत्येक पोराला हेच सांगतो."